‘अजून नाही’ असा शेरा

आमच्या नर्सिंग कॉलेजात नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्या वर्षी सामाजिक आरोग्य हा विषय माझ्याकडे होता. कॉलेज कर्जतपासून थोडं बाहेर, भातखाचरांच्या मधोमध आहे. मी मूळची वॉर्डातली सिस्टर. रात्रपाळ्यांनी गुडघे धरले तेव्हा शिकवण्याकडे वळले आणि तिथंच रमले. मुली माझ्यावर खूश असायच्या. नोट्स नीटनेटक्या, फळ्यावर रंगीत खडूंच्या आकृत्या, आणि परीक्षेला काय येणार याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर.

नव्या पद्धतीचं नाव लांबलचक होतं, निष्पत्ती-आधारित शिक्षण. आम्ही सगळ्या तिला नुसतं ‘आउटकम’ म्हणायचो. तिच्याबरोबर तक्ते आले, रकाने आले आणि स्टाफरूममध्ये कुरकुर आली. प्रत्येक धड्यापुढे एकच गोष्ट लिहायची होती, की हा धडा शिकून झाल्यावर विद्यार्थिनीला काय करता येईल. ऐकायला सोपं होतं. लिहायला बसलं की पेन अडायचं.

आमच्या प्राचार्या सरकारी दवाखान्यांत आयुष्य काढून, निवृत्तीनंतर आमच्याकडे आलेल्या. मोजकं बोलायच्या. अतिसाराच्या धड्यापुढे मी लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनीला अतिसाराची कारणे, लक्षणे व उपचार समजतील.’ त्यांनी ‘समजतील’ या शब्दाखाली रेघ ओढून कागद माझ्याकडे सरकवला.

“समजलं हे तुम्हाला दिसणार कसं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, परीक्षेत दिसेल. त्या म्हणाल्या, परीक्षेत तिला लिहिता येतं एवढंच दिसतं. मग मी बदलून लिहून नेलं की विद्यार्थिनी ओआरएसचं पाणी तयार करून दाखवेल. तेही परत आलं. मूल आजारी पडेल तेव्हा आपली विद्यार्थिनी त्या घरात असणार आहे का, असं त्यांनी विचारलं. अर्थातच नसणार. मग ते पाणी करणार कोण? बाहेर कॉलेजची गाडी मला सोडून निघण्याच्या बेतात होती आणि घरी पाहुणे यायचे होते. मी त्यांच्या टेबलाशी उभ्या उभ्याच पुन्हा लिहिलं: ‘विद्यार्थिनी घरातल्या बाईला अशा रीतीने शिकवेल, की ती बाई स्वतःच्या घरातल्या भांड्यात, स्वतःच्या हाताने जलसंजीवनी बरोबर तयार करेल.’ प्राचार्यांनी ते वाचलं आणि सही केली. गाडी तोवर गेली होती. मी स्टेशनपर्यंत चालत आले आणि वाटभर त्या वाक्याचाच विचार करत राहिले. ते लिहिणं आणि ते घडवणं यात किती अंतर आहे हे हळूहळू माझ्या लक्षात येत होतं.

नवं सत्र सुरू झालं तेव्हा पहिल्याच दिवशी मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. आधी कधी असं केलं नव्हतं. आधी मुलींना शेवटी काय विचारणार हे गुपितच असायचं आणि ते हेरण्यातच त्यांची निम्मी शक्ती जायची. आता सगळं आधीच उघड होतं. एका मुलीनं हात वर करून विचारलं, “म्हणजे मॅडम, पास त्या बाईनं व्हायचं आणि मार्क आम्हाला?” वर्ग हसला. मी म्हटलं, हो, साधारण तसंच. त्यांना हेही सांगितलं की या कामाला मार्क नाहीत. दोनच शेरे आहेत, ‘जमलं’ आणि ‘अजून नाही’. ज्यांना ‘अजून नाही’ मिळेल त्यांनी पुन्हा करायचं. जमेपर्यंत.

त्या वर्गातल्या दोन मुली मला विशेष आठवतात. एक मोहोपाड्याची. वडील तिथल्या एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये, घर स्टाफ कॉलनीत. हुशार मुलगी, अक्षर छापल्यासारखं, वर्गात कायम पहिली. दुसरी कडावची, भातशेती आणि दोन म्हशी असलेल्या घरातली. ती मागच्या बाकावर बसायची. लेखी परीक्षेत कशीबशी निभावायची, कारण उत्तर माहीत असलं तरी ते पुस्तकी मराठीत मांडताना तिची वाक्यं मध्येच तुटायची. दोघींची एकमेकींशी ओळख फक्त हजेरीपुरती होती.

भातकापणी उरकल्यावर आमची गावातली पोस्टिंग लागली. कडावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी ठाकरांची एक वाडी आहे. गाडी खालीच थांबते आणि पुढे चढावाची पायवाट. मुली पांढऱ्या ॲप्रनमध्ये, हातात तक्त्यांच्या गुंडाळ्या घेऊन चढत होत्या. वाडीची आरोग्याची कामं बघणाऱ्या आशा सेविकेनं, आशाताईंनी, तिथल्या बायकांना शाळेच्या ओट्यावर जमवून ठेवलं होतं. काही जणी कडेवर मुलं घेऊन आल्या होत्या, काही जणी रानात जायच्या तयारीनं कोयता कमरेला लावूनच आल्या होत्या.

सुरुवात मोहोपाड्याच्या मुलीनं केली. तिचा तक्ता बघण्यासारखा होता. तिनं शरीरातलं पाण्याचं प्रमाण सांगितलं, क्षारांचं महत्त्व सांगितलं, एक पुडी एक लिटर पाण्यात कशी मिसळायची ते सांगितलं. आवाज स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. बायका मान डोलावत होत्या. एरवी मी तिथंच तिला पैकीच्या पैकी मार्क दिले असते आणि आम्ही चहा पिऊन खाली उतरलो असतो.

पण फळ्यावरचं ते वाक्य होतं. मी पुढे बसलेल्या एका तरुण बाईला विचारलं की घरी जाऊन हे पाणी करून दाखवाल का. तिचं तान्हं मूल तिच्या खांद्यावर झोपलं होतं. ती आधी लाजली, मग हो म्हणाली. आम्ही तिच्या मागोमाग घरात गेलो. कुडाच्या भिंती, जमीन नुकतीच सारवलेली. मूल सासूकडे देऊन तिनं पाणी भरलेल्या हंड्यातून एक फुलपात्र भरून घेतलं. पुडीचा कोपरा दातानं फाडला, चिमूटभर पावडर फुलपात्रात टाकली, बोटानं ढवळली. मग उरलेल्या पुडीची काळजीपूर्वक घडी घालून ती कुडात खोचली.

“उरल्यालं उद्याला हुईल,” ती म्हणाली.

मोहोपाड्याची मुलगी दारात उभी होती. मी त्या बाईला विचारलं की ताईंनी सांगितलं ते कळलं का. ती मनापासून म्हणाली, “पोरीनं लय चांगलं सांगितलं. मला सारं काय ध्यानात नाय ऱ्हायलं.”

त्या दिवशी मी तिथून निघण्याआधी त्या बाईला बसवून नीट दाखवलं, पुडी पुरी एक लिटर पाण्यात घालायची ते सांगितलं, कारण चुकीचं पाणी मुलाच्या पोटात जाऊ देणं बरोबर नव्हतं. पण त्या मुलीच्या नावापुढे मी ‘अजून नाही’ लिहिलं. परतीच्या वाटेवर ती सगळ्यांच्या पुढे चालत राहिली. गाडीत खिडकीशी बसली आणि कर्जत येईपर्यंत बाहेर बघत राहिली. उतरताना एवढंच म्हणाली की तिनं एकही गोष्ट चुकीची सांगितली नव्हती. ते खरंच होतं आणि मी तसं तिला म्हटलं.

कडावच्या मुलीची पाळी दुसऱ्या घरात होती. तिला पहिल्याच दिवशी ‘जमलं’ मिळालं. तिनं तक्ता उघडलाच नव्हता. चुलीपाशी बसून ती त्या घरातल्या बाईशी पोर किती वेळा शौचाला बसलं, काय खाल्लं, यावरच बोलत राहिली. पुडी बाईच्याच हातात दिली आणि चुकलं तिथं थांबवलं. हे बघून मला नवल वाटलं नाही. तिच्या घरी पाहुणीला जसं बसवतात तशी ती तिथं बसली होती. नवल तिलाच वाटलं. कॉलेजात कशातही तिला पहिल्या फेरीत पसंती मिळाली नव्हती. शेरा लिहिलेला कागद तिनं पुनःपुन्हा बघितला.

पुढच्या आठवड्यात मोहोपाड्याच्या मुलीचे वडील कॉलेजात आले. शांत माणूस. चढा सूर नाही, पण चेहऱ्यावर काळजी होती. पहिल्या नंबरच्या मुलीला असा शेरा कसा, पुढे नोकरीसाठी गेली तर हे कागदावर दिसणार का, हे त्यांना विचारायचं होतं. मी त्यांना प्राचार्यांकडे घेऊन गेले. प्राचार्यांनी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या कामाविषयी विचारलं. ते म्हणाले, तयार मालाचा नमुना तपासायचा, तो ठरलेल्या मापात बसला तर माल पुढे जातो. आणि नाही बसला तर, असं प्राचार्यांनी विचारलं. मग दुरुस्त करून पुन्हा तपासायचा, ते म्हणाले.

“आम्ही तेवढंच करतोय,” प्राचार्या म्हणाल्या. “नापास नाही केलं. पुन्हा तपासणार आहोत.”

त्यांनी मान हलवली, पण त्यांचं पूर्ण समाधान झालं असं मला वाटलं नाही. माल आणि मुलगी यांत फरक असतो, असं ते दाराशी जाता जाता अर्धवट स्वतःशीच म्हणाले. प्राचार्यांनी ते ऐकलं. नंतर मला म्हणाल्या की तेही खरंच आहे, शेरा देताना ते विसरू नका.

मुलगी पुन्हा वाडीवर आली. या वेळी तिनं भाषण टाळलं. तक्ता घरी ठेवून आली होती. तिनं त्या तरुण बाईच्या घरात बरोबर आणलेल्या मापानं स्वतःच पाणी मोजलं, पुडी टाकली, ढवळलं, चव घेऊन दाखवली. सगळं अचूक. बाई शेजारी बसून कौतुकानं बघत होती. मी म्हटलं, आता तुम्ही करा. बाईनं फुलपात्र उचललं. तिनं पुन्हा फुलपात्रच उचललं, हे बघून मुलीनं कपाळावर हात मारून घेतला आणि मग आम्ही तिघी हसलो. मला वाटतं त्या हसण्यानंतर ती सैल झाली.

खाली उतरताना तिनं मला विचारलं की बाईच्या डोक्यात लिटर का बसत नाही. मी म्हटलं, तिलाच विचार. शिकवण्याच्या जुन्या पद्धतीत मी तिला उत्तर सांगून मोकळी झाले असते. आता ते सांगण्याची मला घाई नव्हती, कारण तिला पुन्हा यायचंच होतं.

तिसऱ्या खेपेला ती मला न सांगता कडावच्या मुलीला बरोबर घेऊन गेली. दोघी सकाळच्या गाडीनं जाऊन दुपारपर्यंत वाडीत बसल्या. त्या बाईच्या घरात लिटर असं काही नव्हतंच. हंडा होता, कळशी होती, फुलपात्र होतं. औषध म्हणजे चमच्यानं किंवा चिमटीनं घ्यायची गोष्ट, सगळं एकदम ओतून टाकलं की वाया जातं, असा तिचा साधा हिशेब होता. तो हिशेब चुकीचा म्हणता येत नव्हता. खोकल्याच्या बाटलीबद्दल तिला दवाखान्यात तेच तर सांगितलं होतं. मुलीनं ते ऐकून घेतलं. मग कोपऱ्यात तिला पाण्याच्या बाटल्या दिसल्या. पावसाळ्यात धबधब्यावर येणारे लोक पिऊन टाकून देतात त्या, वाडीतल्या बायका गोळा करून धुऊन ठेवतात आणि रानात जाताना पाणी भरून नेतात. ती बाटली बरोबर एक लिटरची.

त्यांनी बोलावल्यावर मी तपासायला गेले तेव्हा सगळ्या त्या बाईच्या घरच्या ओट्यावर बसल्या होत्या. बाईनं बाटली राखेनं आणि पाण्यानं धुऊन घेतली. उकळून गार केलेलं पाणी तिच्यात भरलं, मग पुडी फाडून पूर्ण रिकामी केली, बूच लावून हलवली. शेवटी हातावर थेंब घेऊन जिभेला लावला. मोहोपाड्याची मुलगी हात मांडीखाली घेऊन बसली होती. मध्येच बोलायचा मोह होऊ नये म्हणून ती तशी बसली होती हे तिनं मला नंतर सांगितलं.

सासू दारातून बघत होती. “सगली पुडी?” तिनं विचारलं.

“हां, सगली,” सून म्हणाली. “थोडी टाकून काय उपेग नाय. आन उद्याला हे पानी द्यायचं नाय. उद्याला नवं करायचं.”

आजचं पाणी उद्याला द्यायचं नाही हे आमच्यापैकी कुणीही त्या दिवशी बोललं नव्हतं. ते आधीच्या कुठल्या तरी फेरीतलं तिच्या लक्षात राहिलं होतं. मी मुलीकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, पण ती बाईकडेच बघत होती. मी तिच्या नावापुढे ‘जमलं’ लिहिलं. आजवर मिळालेल्या कुठल्याही मार्कांनी ती इतकी खूश झालेली मी पाहिली नव्हती, आणि आनंद असा होता की ती तो लपवायचा प्रयत्न करत होती.

कडावच्या मुलीचं मात्र दुसरीकडे अडलं. वॉर्डात मुलाच्या वजनावरून औषधाचा डोस काढायचा, हेही एक निष्पत्तीचं काम होतं. तिथं ‘जवळजवळ बरोबर’ चालत नाही. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. तिला त्यात ‘अजून नाही’ मिळालं, आणि तेही एकदाच नाही. तिनं कॉलेज सोडायचं मनात आणलं होतं, असं मला तिच्या आईकडून कळलं. आई तिला म्हणाली होती, “ती मास्तरीण म्हंते अजून नाय, कधीच नाय असं तर नाय म्हनली ना?”

जुन्या पद्धतीत ती पन्नास-पंचावन्न मार्कांनी पुढे सरकली असती. उरलेलं अर्धं येत नाही हे कुणाला दिसलं नसतं, आणि ते अर्धं म्हणजे नेमकं डोस काढणं असू शकलं असतं. आता ते दिसत होतं आणि त्यावर इलाज करायला वेळ होता. मोहोपाड्याच्या मुलीनं तिला लायब्ररीत बसवून घेतलं. मी एकदा त्यांच्या मागच्या टेबलावर बसले होते. मोहोपाड्याची मुलगी काही सांगत नव्हती. रिकाम्या औषधाच्या बाटल्या आणि सिरिंज पुढे ठेवून “भरून दाखव” एवढंच म्हणत होती. कडावची मुलगी भरायची, चुकायची, पुन्हा भरायची. हे शिकवणं मोहोपाड्याच्या मुलीनं कुठून उचललं हे मला माहीत होतं. काही दिवसांनी वॉर्डात कडावच्या मुलीचा डोस प्रत्येक वेळी बरोबर यायला लागला आणि मी न कचरता शेरा बदलला.

स्टाफरूममधली कुरकुर संपली असं नाही. काम वाढलं होतं. एकेका मुलीला तीन तीन वेळा तपासायचं म्हणजे मलाही तीनदा डोंगर चढायचा. माझी एक सहकारी म्हणायची की यापेक्षा पेपर तपासणं बरं, पंख्याखाली बसून होतं. तिचं म्हणणं मला पटायचं, विशेषतः उतरताना. पण माझ्यात एक फरक पडला होता. आधी वर्ग संपला की मला शिकवून झाल्यासारखं वाटायचं. आता तसं वाटेना. मुलींच्या माना डोलल्या की उलट मला शंका यायला लागली.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी वाडीत जुलाबाची साथ आली. विहिरीत वरच्या बाजूचं पाणी शिरलं होतं. आशाताईंचा फोन आला आणि आरोग्य केंद्राच्या लोकांबरोबर आम्हीही गेलो. मुली तोवर पुढच्या वर्षात गेल्या होत्या, तरी दोघीही आल्या. पायवाटेवर चिखल, वर ढग खाली आलेले. मनात धाकधूक होती, कारण त्या वाडीतून खाली आणेपर्यंत मूल हातचं जातं असं मी वॉर्डात असताना पाहिलं होतं.

पहिल्याच घरात चुलीशेजारी बाटली भरून ठेवलेली होती. दुसऱ्या घरातही होती. ज्या बायकांना आम्ही कधी शिकवलं नव्हतं त्यांच्याकडेही होती. साथ सुरू होताच ती तरुण बाई घरोघर फिरली होती. आशाताईंनी पुड्या दिल्या आणि तिनं बाटल्या हलवून दाखवल्या. मग तिचं स्वतःचं मूलही आजारी पडलं. त्याचे डोळे खोल गेलेले आणि रडताना पाणी येत नाही हे दिसल्यावर ती आदल्या दिवशीच त्याला घेऊन कर्जतच्या सरकारी दवाखान्यात गेली होती. आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा सलाईन लावलेल्या मुलाकडे बघून ती म्हणाली, “पानी पाजीतच आनला त्याला, वाटंभर.” डॉक्टरांनी सांगितलं की त्यानंच तो तगला. चार दिवसांनी ते दोघं घरी गेले.

सगळं श्रेय आमचं होतं असं मी म्हणणार नाही. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणारे लोक होते, आशाताई रात्रंदिवस राबत होत्या. आणि सगळं बरोबरही झालं नव्हतं. एका घरात कडावच्या मुलीनं बाटली उचलली आणि मला हाक मारली. ती थंड पेयाची मोठी बाटली होती, दोन लिटरची. तिच्यात एकच पुडी टाकलेली. पाणी पातळ, मुलाला उपयोग कमी. त्या घरातल्या बाईचं काय चुकलं? तिनं बघितलं तसं केलं होतं, बाटलीच वेगळी होती. मुलीनं शांतपणे दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या आणि लहान बाटलीतलं पाणी मोठीत ओतून तिला दाखवलं की ती किती रिकामी राहते. संध्याकाळी कॉलेजात येऊन आम्ही फळ्यावरच्या त्या वाक्यात बाटलीबद्दलचे शब्द वाढवले. प्राचार्यांनी पुन्हा सही केली. या पद्धतीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. चूक सापडली तर ती कुणाच्या माथी मारण्याआधी आपल्या शिकवण्यात शोधता येते.

दोघी शिकून बाहेर पडल्या त्याला आता काही काळ झाला. मोहोपाड्याची मुलगी पनवेलला एका मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात आहे. तिचे वडील एकदा बाजारात भेटले. त्यांनी आपणहून सांगितलं की मुलाखतीत तिला मार्क विचारलेच नाहीत, सरावासाठी असते तशा एका बाहुलीवर काम करून दाखवायला सांगितलं. ती घाबरली नाही, ते म्हणाले, आणि पुढे म्हणाले की त्या दिवशी त्यांना कॉलेजातला तो चहा आठवला.

कडावची मुलगी खालापूर तालुक्यात एका उपकेंद्रात नर्स आहे. गेल्या महिन्यात खोपोलीला कामाला गेले होते, तशीच पुढे तिला भेटायला गेले. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचा मांडव. लसीकरणाचा दिवस होता, बायकांची रांग होती. तिनं मला खुर्ची दिली, चहा आणायला सांगितला आणि परत कामाला लागली. मी बसून बघत राहिले. लस दिली की ती आईला सांगायची, पोराला ताप आला तर काय करशील, तूच मला सांग. आई अडखळत सांगायची. एखादीचं चुकलं तर ती पुन्हा सांगायची आणि पुन्हा विचारायची. रांग हळू सरकत होती आणि मागची एक म्हातारी त्यावर कुरकुरत होती. “आजी, चहा घेता का?” असं विचारून तिनं तिलाही बसवलं.

दुपारी गर्दी ओसरल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. तिला एक तक्रार होती. महिन्याच्या शेवटी वर पाठवायच्या रिपोर्टात किती सभा घेतल्या, किती बायका आल्या, एवढंच विचारतात. त्यातल्या किती जणींना काही करता येतं, हे कुणी विचारत नाही.

“मग तू काय करतेस?” मी विचारलं.

“सभा पण घेते मॅडम, आन घरी जाऊन बघते पण,” ती म्हणाली. “सभेचं वर पाठवते. घरचं माझ्यासाठी ठेवते.”

प्राचार्या असत्या तर काही तरी म्हणाल्या असत्या, पण त्या आता त्यांच्या गावी असतात. आम्ही थोडा वेळ भातपिकाविषयी बोललो, तिच्या आईच्या गुडघ्यांविषयी बोललो. इतक्यात एक बाई मुलाला घेऊन आली आणि ती उठली. मी पर्स उचलून रस्त्यावर आले. बस यायला वेळ होता. समोरच्या शेतात दोघं जण बांध घालत होते, आणि त्यांचं ते काम बघत मी उभी राहिले.